सोळाव्या वर्षी रग्बी सुरू करणाऱ्यासाठी थिएरी दुसोत्वारचे उदाहरण कितपत उपयोगी आहे?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट समजला आहे की नाही हे आपल्याला पाहता येईल. आपण नोकरीनिमित्त तुलूजला लागून असलेल्या कोलोमिए येथे राहता. आपला सोळा वर्षांचा मुलगा लहानपणापासून ज्युदो खेळत आला आहे आणि आता शाळेतल्या मित्रांमुळे त्याला रग्बी खेळायची आहे. आपण स्थानिक क्लबमध्ये चौकशीला गेलात, तेव्हा तिथल्या एका गृहस्थांनी सांगितले की फ्रान्सच्या रग्बी संघाचा माजी कर्णधार थिएरी दुसोत्वार यानेही सोळाव्या वर्षीच सुरुवात केली होती, तोही ज्युदोतूनच आला होता, शिकून केमिकल इंजिनिअर झाला होता आणि काही काळ कोलोमिएकडून खेळलाही होता. घरी येऊन आपण या खेळाडूविषयी वाचले, त्याने विश्वचषकाच्या एका सामन्यात ३८ टॅकल केल्याचे, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला ३८ वेळा पकडून पाडल्याचे समजले, आणि दिलासा मिळण्याऐवजी आपली काळजी वाढली. या उदाहरणावर विसंबून मुलाला पाठवावे का, सुरुवातीला उशीर झाला आहे का, आणि अभ्यासाचे काय होईल, असे आपण विचारता.

मी मुंबई-पुण्याकडे बरीच वर्षे रग्बी शिकवत आलो आहे. माझे काम मुख्यतः फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूंबरोबर असते आणि त्यातही टॅकल शिकवण्यात माझा बहुतेक वेळ जातो. कबड्डी, कुस्ती आणि ज्युदो खेळून पंधराव्या-सोळाव्या वर्षी रग्बीत आलेली मुलेमुली हा माझा रोजचा अनुभव आहे. दुसोत्वारच्या सामन्यांची चित्रफीत मी शिकवण्यासाठी वारंवार वापरतो. या खेळाडूविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्याचे नाव दिलाशाचे गोड बोलणे म्हणून वापरलेले मला फारसे रुचत नाही.

क्लबमधल्या गृहस्थांनी सांगितलेली एकही गोष्ट खोटी नाही. प्रश्न आहे तो त्यावरून काढायच्या निष्कर्षाचा. ‘त्याने सोळाव्या वर्षी सुरुवात केली, तरीही तो जगातला सर्वोत्तम खेळाडू झाला’ हे वाक्य ऐकताना आपले लक्ष ‘तरीही’ या शब्दाकडे जाते आणि वय गौण होते असे वाटू लागते. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतून निघणारा अर्थ वेगळा आहे. सोळाव्या वर्षापर्यंत त्याच्या शरीराने जे शिकून ठेवले होते ते नेमक्या एका जागेला उपयोगी पडणारे होते, ती जागा त्याला मिळाली, आणि ज्या काळात तो आला त्या काळात फ्रेंच रग्बीची दारे उशिरा येणाऱ्यांसाठी आजच्यापेक्षा अधिक उघडी होती. या तीन गोष्टी आपल्या मुलाच्या बाबतीत कितपत लागू आहेत, हे पाहिले पाहिजे.

आरंभीच हेही सांगतो की मी आपल्या मुलाला पाहिलेले नाही. त्याची उंची अजून वाढते आहे का, मान आणि खांदे किती तयार आहेत, ज्युदोत तो किती गंभीरपणे उतरला होता, त्याला पूर्वी कधी डोक्याला मार लागला आहे का, आणि मुख्य म्हणजे क्लबमध्ये त्याच्या वयोगटाला शिकवणारा माणूस कसा आहे, यावर माझ्या उत्तराचा निम्मा भाग अवलंबून आहे.

आता कारकिर्दीकडे वळतो. थिएरी दुसोत्वारचा जन्म १८ नोव्हेंबर १९८१ रोजी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान येथे झाला. आई तिथली, वडील फ्रेंच. साधारण दहा वर्षांचा असताना तो फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील पेरिग्यू येथे आला. हा रग्बीचाच मुलूख आहे, तरीही बालपणी तो ज्युदो खेळत होता. फ्रेंच खेड्यापाड्यांत सहा-सात वर्षांची मुले क्लबच्या रग्बी शाळेत चेंडू घेऊन धावायला शिकतात, त्या वयात हा मुलगा गादीवर पडायला आणि समोरच्याला पाडायला शिकत होता. रग्बीचा चेंडू हातात आला तो सोळाव्या वर्षी, मित्रांबरोबर. पुढे बोर्दो येथे तो बोर्दो-बेग्लकडून खेळला, आणि तिथल्या रसायन व भौतिकशास्त्राच्या अभियांत्रिकी संस्थेतून त्याने पदवी मिळवली. २००३-०४ चा हंगाम तो, आपण राहता त्या कोलोमिएच्या क्लबकडून खेळला, नंतर दोन हंगाम बियारित्झकडे होता, आणि २००६ मध्ये तुलूजला आला तो २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

या ओळींमध्ये घाई कुठेही दिसत नाही. सोळाव्या वर्षी सुरुवात, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मोठ्या क्लबमध्ये प्रवेश, आणि फ्रान्सकडून पहिला सामना जून २००६ मध्ये बुखारेस्टला रुमानियाविरुद्ध, म्हणजे चोविसाव्या वर्षी. आजच्या फ्रेंच संघात विशीच्या आत पदार्पण करणारी मुले दिसतात, त्या मानाने हा वेग संथच म्हणायचा. बियारित्झमध्ये तो पोहोचला तेव्हा त्याच्याच जागांवर सर्ज बेत्सेन आणि इमानोल आरिनोर्दोकी यांच्यासारखे खेळाडू होते. त्या संघाने २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे फ्रेंच विजेतेपद मिळवले. उशिरा सुरुवात करणाऱ्याला मोठ्या नावांच्या सावलीत काही काळ शिकायला मिळणे ही उणीव नसून सोय असते, असे माझे मत आहे. कारण रोजच्या सरावात त्याच्यासमोर बेत्सेनसारखा माणूस टॅकल करत असतो, आणि ते पाहणे हीच शाळा.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ज्युदो. टॅकल शिकवताना मी मुलांना सर्वप्रथम पडायला लावतो. बहुतेकांना पडण्याची भीती असते; ते हात टेकवून पडतात आणि मनगट किंवा खांदा दुखावून घेतात. ज्युदोतून आलेला मुलगा हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, हाताने जमिनीवर थाप देत पडतो, आणि हे त्याला सांगावे लागत नाही. दुसरे, त्याची कंबर खाली असते. तिसरे, समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे त्याला अंगानेच कळते. फ्लँकरला, म्हणजे फॉरवर्डच्या फळीत कडेला असणाऱ्या खेळाडूला (दुसोत्वार याच जागेवर खेळला), या तिन्ही गोष्टी सामन्यात सतत लागतात.

मात्र ज्युदो काय देत नाही हेही सांगायला हवे. ज्युदोत प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर असतो आणि पकड घेऊन झुंज सुरू होते. रग्बीत शंभर किलोचा माणूस वेगाने येतो आणि आपल्याला त्याच्यापर्यंतचे शेवटचे तीन-चार मीटर नीट कापायचे असतात. आमच्याकडे कबड्डीची मुले याच जागी अडखळतात. मांडीची पकड त्यांच्या हाताला सवयीची असते, पण कबड्डीत चढाईपटूला मागे ओढायचे असते आणि रग्बीत खांद्याने पुढे ढकलायचे असते, त्यामुळे सुरुवातीला ती मुले पकड तर अचूक घेतात आणि मग स्वतःच मागे झुकतात. ज्युदोच्या मुलांची अडचण अशी की ती थांबतात. समोरचा येऊन भिडेल मग त्याला फेकू, असा त्यांचा स्वभाव बनलेला असतो. ही सवय मोडायला साधारण एक हंगाम जातो. तोपर्यंत अशा मुलाला सामन्यात पूर्ण वेळ खेळवणे मी टाळतो.

जागेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. रग्बीच्या पंधरा जागा म्हणजे जवळजवळ पंधरा वेगळे व्यवसाय. स्क्रम-हाफच्या, म्हणजे फॉरवर्डकडून आलेला चेंडू मागच्या खेळाडूंना पास करणाऱ्याच्या जागी सोळाव्या वर्षी सुरुवात करून कोणी मोठे होईल असे मी म्हणणार नाही, कारण दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना, धावता धावता अचूक पास देण्याची सवय लहानपणी लागलेली बरी. तुलूजचा आजचा स्क्रम-हाफ आंत्वान द्यूपाँ अगदी लहानपणापासून चेंडू हाताळत आला आहे आणि ते त्याच्या खेळात दिसते. फ्लँकरचे तसे नाही. त्याला पास आणि झेल यांत किमान तरबेज असावेच लागते, पण त्याचे मूल्य ठरते ते दमसास, टॅकल, जमिनीवरच्या चेंडूवर झडप आणि खेळ वाचण्याची बुद्धी यांवर. यांतले पहिले तीन गुण दुसऱ्या खेळातून आणता येतात. चौथा गुण मात्र सामने खेळल्याशिवाय येत नाही, आणि दुसोत्वारची सोळा ते बावीस ही वर्षे बहुधा त्यासाठीच खर्ची पडली असावीत, असा माझा अंदाज आहे. आपल्या मुलाला क्लबमध्ये कोणत्या जागी खेळवण्याचा विचार आहे, हे अवश्य विचारा. ‘बघू, पळतो चांगला, विंगवर टाकू’ (म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला, धावण्याच्या जागी) असे उत्तर आले, तर दुसोत्वारचे उदाहरण तिथेच निकालात निघाले असे समजा.

आता ज्या आकड्याने आपली झोप उडवली त्या आकड्याबद्दल. ६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफ येथे विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी झाली. समोर न्यूझीलंडचा संघ होता आणि त्याच्याकडे त्या स्पर्धेचा संभाव्य विजेता म्हणून पाहिले जात होते. विशेष म्हणजे दुसोत्वार मूळ संघात नव्हताच. एल्विस व्हर्म्यूलन जखमी झाल्यामुळे त्याला बोलावणे आले होते. मध्यंतराला फ्रान्स ३-१३ असा मागे होता. बेत्सेन सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला होता, म्हणजे टॅकलचा भार वाहणारा एक अनुभवी माणूस कमी झाला होता. उत्तरार्धात न्यूझीलंडचा एक खेळाडू दहा मिनिटांसाठी बाहेर असताना दुसोत्वारने ट्राय केली, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि त्यानंतरच्या गोलखांबांवरच्या किकने (कन्व्हर्जनने) गुण १३-१३ झाले. न्यूझीलंडने पुन्हा आघाडी घेतली, मग यानिक जोझियाँच्या ट्रायने आणि त्यानंतरच्या किकने फ्रान्सने २०-१८ असा सामना जिंकला. त्या ट्रायआधीचा एक पास पुढे गेला होता हे न्यूझीलंडचे लोक अजूनही सांगतात, आणि चित्रफीत पाहिली तर त्यांचे म्हणणे खरे आहे.

याच सामन्यात दुसोत्वारच्या नावावर ३८ टॅकल नोंदले गेले. या आकड्याचे कौतुक होते, पण त्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. एखाद्या फ्लँकरला इतके टॅकल करावे लागतात, याचा अर्थ त्याच्या संघाकडे चेंडू फारच थोडा वेळ होता. तो आकडा फ्रान्सच्या हतबलतेचाही आकडा आहे. साधारण सामन्यात चांगला फ्लँकर पंधरा-वीस टॅकल करतो. आपला मुलगा क्लबच्या ज्युनियर सामन्यात खेळेल तेव्हा सामना लहान असेल आणि वेगही बराच कमी असेल, म्हणून हा आकडा त्याच्या वाट्याला येईल या भीतीने काळजी करू नये.

शिकवणारा म्हणून मला त्या सामन्यात टॅकलपेक्षा टॅकलनंतरचे काही सेकंद अधिक मोलाचे वाटतात. चित्रफीत संथ करून पाहा. दुसोत्वार समोरच्याच्या मांडीवर खांदा लावतो, डोके त्या माणसाच्या शरीरामागे, म्हणजे पडताना खाली चिरडले जाणार नाही अशा बाजूला ठेवतो, दोन्ही हातांनी पाय आवळतो आणि दोघे खाली येतात. इथवर पुष्कळ खेळाडू असेच करतात. पण जमिनीला लागताच तो हात सोडतो, कुशीवर वळून रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती जमलेल्या खेळाडूंच्या गर्दीच्या बाहेर येतो, एक गुडघा टेकवून उठतो आणि उठता उठताच मान वळवून चेंडू कुठे गेला ते बघतो. मग धावत न जाता झपाझप पावले टाकत बचावाच्या रांगेतली रिकामी जागा भरतो. पुढचा हल्ला पुष्कळदा त्याच बाजूला येतो. माझ्याकडची मुले टॅकल यशस्वी झाल्यावर क्षणभर जमिनीवर रेंगाळतात, कारण पाडले म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. त्यांना मी हाच भाग पुन्हा पुन्हा दाखवतो. ३८ हा आकडा ताकदीतून आलेला नाही, तो ३८ वेळा उठण्यातून आला आहे. दुसोत्वारची उंची १.८८ मीटर आणि वजन शंभर किलोच्या आसपास होते. त्याच्या जागेसाठी हे आकारमान पुरेसे असले तरी अवाढव्य म्हणता येत नाही.

सुरक्षिततेबाबत आपल्याला खरे आणि थेट उत्तर मिळायला हवे. रग्बी हा टकरीचा खेळ आहे, आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका त्यात आहेच. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये काही तरुण खेळाडूंचा टॅकलनंतर मृत्यू झाला, आणि त्यावर देशभर मोठी चर्चा झाली. त्यानंतर फ्रेंच महासंघाने २०१९ पासून हौशी पातळीवर टॅकलची मर्यादा कंबरेपर्यंत आणली आणि एकाच वेळी दोघांनी टॅकल करण्यास मनाई केली. म्हणजे आपला मुलगा जी रग्बी शिकेल ती दुसोत्वारच्या काळातल्या रग्बीपेक्षा बरीच खाली वाकून खेळली जाणारी आहे. या बदलाने टॅकल होणाऱ्याचे डोके अधिक सुरक्षित होते. टॅकल करणाऱ्याने मात्र आपले डोके चुकीच्या बाजूला ठेवले तर गुडघा किंवा नितंब त्याच्या कानशिलावर आदळतो. म्हणूनच खाली टॅकल करण्याचा नियम हा टॅकल शिकवण्याला पर्याय ठरत नाही. ज्युदोमुळे आपल्या मुलाची कंबर खाली असेल ही जमेची बाजू आहे. डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, हे मात्र त्याला कोणीतरी पुन्हा पुन्हा घोटून घेतले पाहिजे.

क्लबमध्ये जाऊन एक सराव बाहेर उभे राहून पाहा, असे मी सुचवीन. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात थेट सामन्यासारख्या टॅकलमध्ये ढकलतात, की आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग संथ धावत अशा पायऱ्यांनी नेतात, ते बघा. एखाद्या मुलाच्या डोक्याला लागले तर काय करता, असेही विचारा. शंका आली की बाहेर, आणि मग हौशी पातळीवर साधारण तीन आठवड्यांची क्रमाक्रमाने परत येण्याची पद्धत, असे उत्तर यायला हवे. ‘पाणी मारतो, बसवतो आणि बरे वाटले की परत’ असे कोणी म्हणाले, तर त्या क्लबचा इतिहास कितीही मोठा असो, मी माझ्या मुलाला तिथे पाठवणार नाही.

अभ्यासाचा प्रश्न मी शेवटी घेत आहे, कारण त्यात दुसोत्वारचे उदाहरण सर्वांत जपून वापरावे लागते. तो इंजिनिअर झाला हे खरे, परंतु त्याचे वर्ष कोणते होते ते लक्षात घ्या. रग्बी युनियनला अधिकृतपणे व्यावसायिक मान्यता मिळाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये. दुसोत्वारने सुरुवात केली तेव्हा व्यावसायिक रग्बी जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. मुलांना हेरून पंधराव्या वर्षीच प्रशिक्षण केंद्रात घेण्याची यंत्रणा आज आहे तितकी पक्की तेव्हा बसलेली नव्हती, आणि पैसा आजच्या तुलनेत कमी होता. अभ्यास करणे हे त्या पिढीतल्या फ्रेंच खेळाडूला शहाणपणाचेच वाटत असणार. त्याला वेगळे धाडस लागत नव्हते. आज मोठ्या क्लबांची प्रशिक्षण केंद्रे शिक्षणाची सोय करतात, आणि तसे करणे त्यांना बंधनकारकही आहे. पण तिथे निवड होणारी मुले बहुतेक वेळा सोळाव्या वर्षाच्या आतच नजरेत आलेली असतात. आपल्या मुलासाठी त्या दारातून प्रवेश मिळण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि मला तरी त्यात वाईट काही दिसत नाही. इंजिनिअरिंगच्या तयारीच्या वर्गांमध्ये आठवड्याला दोन सराव आणि शनिवार-रविवारचा एक सामना एवढे बहुतेक मुलांना झेपते. झेपत नसेल तर पहिल्या सत्राच्या गुणांवरूनच कळते, आणि तेव्हा एक सराव कमी करता येतो. परीक्षेच्या महिन्यात टॅकलचा सराव टाळावा, कारण डोक्याला मार लागला तर आठवडे अभ्यास करता येत नाही. ही सूचना मी आमच्या सर्व दहावी-बारावीच्या मुलांना करतो.

इथवरच्या बोलण्याचा गोषवारा असा: वयाचा उशीर जागेनुसार बदलतो, ज्युदोची पुंजी फ्लँकरच्या जागी उपयोगी पडते, जोखीम शिकवणाऱ्यावर बरीच अवलंबून आहे, आणि शिक्षणाच्या बाबतीत दुसोत्वारचा काळ आज परत येणार नाही.

आपण आणखी एक गोष्ट विचारली होती, ती म्हणजे हा माणूस इतका मोठा का मानला जातो. कारण टॅकल करणारे खेळाडू पुष्कळ असतात. त्याचे उत्तर मी त्याच्या कर्णधारपदावरून देईन. जून २००९ मध्ये न्यूझीलंड दौऱ्यावर त्याच्याकडे पहिल्यांदा फ्रान्सचे नेतृत्व आले, आणि पहिल्याच कसोटीत डनेडिनला फ्रान्सने २७-२२ असा विजय मिळवला. त्याने एकूण ८० सामने खेळले, त्यांपैकी ५६ कर्णधार म्हणून, आणि ही ५६ ची संख्या फ्रान्समधला विक्रम ठरली. २०१० मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने सिक्स नेशन्समधले, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले पाचही सामने जिंकले; अखेरचा सामना इंग्लंडविरुद्ध १२-१० असा अगदी काठावर जिंकला. त्याच वर्षी तुलूजने युरोपचा चषक मिळवला, तोही अंतिम सामन्यात २१-१९ असे त्याच्या जुन्या बियारित्झ क्लबला हरवून. २००८, २०११ आणि २०१२ मधली फ्रेंच विजेतेपदे तुलूजचीच होती.

२०११ च्या विश्वचषकातला त्याचा कारभार मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. त्या स्पर्धेत फ्रान्सची अवस्था विस्कळीत होती. गटात न्यूझीलंडकडून ते हरलेच, शिवाय टोंगाकडून १४-१९ असा धक्का बसला. प्रशिक्षक मार्क लिएव्रेमाँ आणि खेळाडू यांच्यातला तणाव उघड्यावर आला होता. तरीही संघ इंग्लंडला १९-१२ आणि वेल्सला ९-८ असे हरवत अंतिम फेरीत पोहोचला. वेल्सविरुद्धचा विजय प्रतिस्पर्धी कर्णधाराला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळाल्यावरचा होता, आणि तो देखणा होता असे मी म्हणणार नाही. अंतिम सामना २३ ऑक्टोबर २०११ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडशी झाला. हाकाच्या, म्हणजे न्यूझीलंडचा संघ सामन्याआधी करतो त्या माओरी नृत्याच्या वेळी फ्रेंच खेळाडू हात धरून बाणाच्या टोकासारख्या रचनेत पुढे सरकले. मधली रेषा ओलांडल्याबद्दल त्यांना नंतर दंड झाला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला गोलखांबांजवळ दुसोत्वारने ट्राय केली, फ्रांस्वा त्रँ-द्यूकने ती रूपांतरित केली आणि गुण ७-८ झाले. त्यापुढे कोणालाही एकही गुण मिळाला नाही. फ्रान्स एका गुणाने हरला. हरलेल्या संघाच्या कर्णधाराला सामनावीर ठरवले गेले आणि त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कारही त्यालाच मिळाला. त्याआधी हा मान फक्त एकाच फ्रेंच खेळाडूला, २००२ मध्ये फाबियाँ गाल्तिएला, मिळाला होता. एका गोंधळलेल्या संघात कर्णधाराने भाषणे न करता आपले काम रोज त्याच दर्जाने केले तर इतरांना काही तरी धरून उभे राहता येते, हे मी त्या महिन्यात पाहिले. तो मुळातच कमी बोलणारा म्हणून ओळखला जातो. आपला मुलगा अबोल असेल, तर क्लबच्या गोंगाटात त्याचे कसे होईल ही भीती बाळगू नका.

त्याची कारकीर्द कशी संपली तेही सांगतो, म्हणजे चित्र एकाच बाजूने रंगवले असे होणार नाही. दंडाच्या स्नायूच्या दुखापतीमुळे तो २०१४ ची सिक्स नेशन्स स्पर्धा खेळू शकला नाही. प्रशिक्षक फिलिप सें-आंद्रे यांच्या काळात फ्रान्सचा संघ कधी स्थिरावलाच नाही. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच कार्डिफच्या मैदानावर न्यूझीलंडने फ्रान्सला ६२-१३ असे अक्षरशः धुऊन काढले, आणि तो त्याचा देशासाठीचा अखेरचा सामना ठरला. २०१७ मध्ये तो क्लब रग्बीतून निवृत्त झाला तेव्हा तुलूजचा संघही तक्त्यात खाली, बाराव्या स्थानावर होता. द्यूपाँ नंतरच्याच हंगामात तिथे आला.

मुलाशी बोलताना, माझ्या मते, त्याला २००७ चा तो सामना पूर्ण दाखवावा, फक्त ट्राय आणि टॅकलचे तुकडे नकोत. तुकड्यांत प्रत्येक खेळाडू वीर दिसतो. पूर्ण सामन्यात दुसोत्वार कित्येक मिनिटे काहीच न करता रांगेत उभा राहिलेला दिसतो, हातवारे करून शेजाऱ्याला जागा दाखवताना दिसतो, चेंडू दुसऱ्या बाजूला असताना श्वास सावरताना दिसतो. मुलाने हे पाहून ‘हे कंटाळवाणे आहे’ असे म्हटले, तर त्याला रग्बी नव्हे, फक्त रग्बीचे तुकडे आवडतात, आणि मग ज्युदो सुरू ठेवणेच बरे. त्याने पाहता पाहता ‘आता तो इथे का गेला?’ असे विचारले, तर पुढच्या आठवड्यात त्याला क्लबमध्ये पाठवा. ज्युदो मात्र पहिल्या वर्षी तरी पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून एकदा गादीवर गेला तरी पडण्याची सवय टिकते, आणि पहिला हंगाम संपेपर्यंत ती त्याच्या फार कामी येईल. रग्बीचा परवाना काढताना वैद्यकीय बाबींची जी प्रक्रिया असते, तीत ज्युदोत झालेल्या जुन्या दुखापती लपवू नका, विशेषतः खांद्याच्या. खांदा एकदा निखळला असेल तर फ्लँकरच्या जागेचा विचार मी आधी हाडांच्या डॉक्टरांशी बोलूनच करतो. तसे काही असल्यास मला जरूर कळवा, कारण मग माझे उत्तर बदलेल.